कप्तानसाहेबांच्या खणातली शिट्टी

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षस्थानी विराजमान असलेले, समुद्रावर कुणाचंही न ऐकणारे आणि आज मात्र चार-चार भाषणं निमूटपणे ऐकून घेणारे आदरणीय कप्तानसाहेब; आजचे सत्कारमूर्ती, ज्यांच्या मांडीवर इतके पुष्पगुच्छ जमले आहेत की चेहरा दिसेनासा झाला आहे, आणि त्या चेहऱ्याचा विचार करता ते बरंच झालं, असे आपले सर्वांचे लाडके मामा; मामांना घरात थोडी वर्षं आणि घराबाहेर पुष्कळ वर्षं सहन करणाऱ्या, आणि त्यातलं सोपं काम कुठलं होतं हे कधीच न सांगणाऱ्या मामी; मामांच्या प्रत्येक विनोदामागे ढोल बडवून लोकांना आता हसायचं आहे याची सूचना देणारे, आणि आज सूत्रसंचालकाची जबाबदारी सांभाळणारे ड्रमवादक महाशय; व्यासपीठावरील अन्य मान्यवर; इंजिनघरापासून धोबीखान्यापर्यंत ते जहाज खऱ्या अर्थाने चालवणारे समोरचे सर्व कर्मचारी बंधू-भगिनी; आणि तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, हाताची घडी घालून, मी काय गोंधळ घालतो याची वाट बघत बसलेले आमचे पंच.

सूत्रसंचालकांनी मला मोजका वेळ दिला आहे. मी दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलायची सोय बंद, अशा स्थितीत एकट्यानेच बोलत राहायची मला सवय. त्यामुळे वेळेचं काही खरं नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. तेव्हा कप्तानसाहेबांनी एक युक्ती केली. त्यांच्या कोटाच्या खिशात आज एक वस्तू आहे. जहाजावरच्या त्यांच्या टेबलाच्या खणात ती कितीतरी वर्षं पडून होती. मी भाषण वेळेत आटोपलं तर ती वस्तू मूळ मालकाला परत मिळणार आहे. नाही आटोपलं, तर पुन्हा खणात. तेव्हा मित्रहो, मी गडबडीत बोललो तर समजून घ्या. माझ्या घरची वस्तू ओलीस आहे.

मामांच्या गौरवाचं भाषण करायला मला का बोलावलं असेल? मी जहाजाचा कर्मचारी नाही. कलाकार नाही. त्यांचा नातेवाईक नाही. मी त्यांच्याविरुद्ध तक्रार असलेला प्रवासी. निरोपाला तक्रारदाराला माईक देणारं हे बहुधा जगातलं पहिलंच मंडळ असावं.

आमच्या पहिल्या सफरीची गोष्ट सांगतो. आज आमचे पंच म्हणजे कोण, हे इथे बहुतेकांना माहीत आहे, पण मागच्या रांगेत काही नवे चेहरे दिसतायत म्हणून सांगतो. पंच म्हणजे फुटबॉलचे पंच. आणि ते माझे. म्हणजे आम्ही दोघं एका घरात, एका संसारात, एका गॅसच्या शेगडीवरून भांडत, कितीतरी वर्षं राहतोय. समारंभ आहे म्हणून अहो-जाहो करतोय. घरी अरे-तुरे आणि त्याच्याही खालचं बरंच काही चालतं. तेव्हा मात्र हे कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या दवाखान्यात ते 'डॉक्टरांचे मित्र' होते, त्यांच्या मैदानावर मी 'पंचांचा भाडेकरू'. स्वतःच्याच घराचं भाडं मी किती वर्षं भरतोय, असं त्यांच्या फुटबॉल मंडळाचे चिटणीस मला सहानुभूतीने विचारायचे.

तर ठरवलं, एकदा तरी लांब जायचं. इतकं लांब, की ओळखीचं भेटलंच तर फक्त मासे भेटावेत. म्हणून जहाज. एकच खोली घेतली, एकच पलंग घेतला. आणि पहिल्याच दिवशी, वरच्या डेकवर, उजेडात, चारचौघांत, त्यांनी माझा हात धरला. हसू नका. तुमच्यासाठी ती रोजची गोष्ट असेल. आमच्या आयुष्यात ती पहिल्यांदा घडत होती. मला आठवतं, माझ्या तळहाताला इतका घाम आला होता की पंच म्हणाले, "अरे, हात धरलाय की ओलं फडकं?"

दुपारी सुरक्षेची कवायत झाली. आता कवायत म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. पण मामींसाठी सांगतो, कारण मामा घरी खरं सांगत नाहीत. संकटकाळी भोंगा वाजला की लाइफ जॅकेट चढवायचं आणि आपापल्या ठरलेल्या जागी डेकवर जमायचं, हे प्रवाशांना शिकवतात. हे शिकवायचं काम आमच्या भागात कुणाकडे होतं? करमणूक विभागाकडे. म्हणजे मामांकडे. बुडताना माणसाने काय करावं, हे विनोदी नटाने समजावून सांगायचं, अशी ती सुंदर पद्धत होती.

मामांनी ती कवायत इतकी रंगवली की काय सांगू! जॅकेट उलटं घातलं, पट्ट्यात पाय अडकवून पडले, टाळ्या घेतल्या. जॅकेटला एक छोटी शिट्टी असते, ती तोंडात धरून दोन-चार नाच केले. आणि शेवटी टाळीचं वाक्य टाकलं, "मंडळी, भोंगा असो की शिट्टी असो, ऐकू आली की प्रश्न विचारायचे नाहीत! बायको मागे राहिली तरी वळून बघायचं नाही! उठायचं आणि सुटायचं!"

कप्तानसाहेब, नियमात शिट्टी नव्हती ना? नव्हतीच. नियमात फक्त भोंगा होता. शिट्टी मामांनी टाळीसाठी पदरची घातली. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते अख्ख्या जहाजाला भोवलं.

कवायतीत आमच्या शेजारी एक काकू होत्या. फार प्रेमळ. आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही दोघं भाऊ का हो?" पंच माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "नाही हो काकू." त्या म्हणाल्या, "मग चेहऱ्यात एवढं साम्य कसं?" मी काय सांगणार? एकाच माणसावर इतकी वर्षं चिडत राहिलं की चेहरे सारखे होतात.

संध्याकाळी, जेवणाआधी, नाट्यगृहात मामांचा कार्यक्रम होता. आम्ही पुढून दुसऱ्या रांगेत. काकू आमच्या बाजूला, हातात आइस्क्रीमचा कप. मामा आले. चमचमता कोट, केसांना इतकं तेल की दिवा पडला तर आग लागावी. पहिला विनोद टकल्यांवर. लोक हसले. दुसरा जाड्यांवर. लोक हसले. तिसरा सासूवर. मामींचे आईवडील त्या जहाजावर नव्हते, म्हणून तो लांबवर चालला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

मग दिव्याचा झोत प्रेक्षकांवर फिरला आणि आमच्यावर थांबला. आम्ही हात धरलेले.

मामा काय म्हणाले, ते सगळं मी इथे सांगणार नाही. पुढे काही मुलं बसली आहेत. त्यांना तो शब्द आधीच येत असणार, पण उजळणी कशाला? एवढंच सांगतो, मामांनी कमरेवर हात ठेवला, मनगट सैल सोडलं, आवाज पातळ केला आणि रंगमंचावर मुरडत मुरडत दोन फेऱ्या मारल्या. "इश्श, सोड ना माझा हात, लोक बघतायत!" मागे ड्रम, धडाम-छन्न! हशा. "यातला नवरा कोण नि बायको कोण, की आलटून पालटून?" धडाम-छन्न! हशा. आणि मग तो शब्द. शाळेच्या मागच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला असतो ना, तोच. माझ्याही नावासमोर लिहिलेला होता. आणि ज्या विनोदाला जास्त हशा मिळतो तो नट पुन्हा करतो, तसा मामांनी तो शब्द पुन्हा म्हटला. काकूसुद्धा हसल्या. आइस्क्रीमचा चमचा तोंडात असताना हसल्या.

मित्रहो, शब्दाचं मला काही वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. वाटलं. पण त्याहून एक गोष्ट जास्त लागली. पंचांनी माझा हात सोडला. दुपारी पहिल्यांदा धरलेला हात संध्याकाळी सुटला. मला त्या क्षणी मामांचा इतका राग आला की त्यांच्या अक्कलदाढा भूल न देता काढाव्यात असं वाटलं. दोन्ही बाजूंच्या.

आता पंचांचा स्वभाव सांगतो. मैदानावर पंचाला प्रेक्षकांतून काय काय ऐकावं लागतं? सगळं. आईपासून आजीपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. आणि तोही शब्द असतो. त्यांना उद्देशून नव्हे, कुणालाही, सवयीने. पंचांचा एक नियम होता: प्रेक्षकांचं पंचाला ऐकू येत नाही. इतकी वर्षं त्यांना ते ऐकू आलं नव्हतं. घरी आल्यावर मात्र बूट काढताना खूप वेळ बसून राहायचे. मी विचारायचो, "काय झालं?" "काही नाही, लेस अडकली." लेस काही एवढी अडकत नसते.

त्या संध्याकाळी त्यांचा हात माझ्या हातातून सुटला आणि शर्टाच्या गळ्यात गेला. हे गृहस्थ सुट्टीवरसुद्धा शिट्टी गळ्यात घालून येतात; आंघोळीलाही काढत नाहीत, मी पुरावा देऊ शकतो. ते उठले. शिट्टी तोंडात धरली. आणि फाउल झाल्यावर वाजवतात तशी, सगळा जीव ओतून वाजवली. मग खिशातून पिवळं कार्ड काढून डोक्यावर धरलं.

नाट्यगृह गप्प झालं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं घडणार. लोक विचार करतील. कुणीतरी टाळी वाजवेल. माणसाच्या आयुष्यात असा एखादा क्षण येतो, नाही का?

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "शिट्टी! शिट्टी वाजली!"

आणि सगळं नाट्यगृह उठलं आणि सुटलं. दुपारी शिकवलं होतं तस्सं. कुणी प्रश्न विचारला नाही, कुणी मागे वळून बघितलं नाही. मामा, तुमच्याइतका यशस्वी शिक्षक मी पाहिलेला नाही! एक गृहस्थ खरोखरच बायकोला मागे ठेवून गेले. त्या सफरीत पुढे ते वेगळ्या टेबलावर जेवत होते. पंच दोन्ही हात वर करून ओरडत होते, "अहो थांबा! काही झालेलं नाही! शिट्टी मी वाजवली!" पण पंचाचं कधी कुणी ऐकलंय? काकू आइस्क्रीमचा कप घेऊन पळाल्या. सांडलं नाही हो एक थेंब.

आणि या पळणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण होतं? आमचे सत्कारमूर्ती. दिव्याचा झोत तोवर परत त्यांच्या डोळ्यांवर आला होता, त्यामुळे शिट्टी कुणी वाजवली हे त्यांना दिसलं नव्हतं.

आता पुढची ही डेकवरची गोष्ट आजवर फक्त तीन माणसांना ठाऊक होती. मी ती कुणालाही सांगितलेली नाही. दातांच्या डॉक्टराला पोटात गोष्ट ठेवायला किती त्रास होतो, याची तुम्हाला कल्पना नाही. आज सांगतोय ती खुद्द मामांच्या परवानगीने. परवानगी कशी मिळाली ते शेवटी सांगतो.

आमची जमायची जागा डेकच्या टोकाला, शेवटच्या होडीच्या पलीकडे. तिथल्या पेटीतली जॅकेटं लोकांनी भराभर उचलली. आम्ही दोघं मागून पोहोचलो. शेवटची दोन आम्ही घातली, कारण तिथल्या खलाशाने ती अंगावर फेकली आणि तो गर्दी आवरायला पुढे गेला. होडीच्या आडोशाला, कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून, चमचमत्या कोटात मामा उभे होते. अंगात जॅकेट नाही. त्यांचं जॅकेट खाली त्यांच्या खोलीत, आणि पेटीतलं घ्यायला कठडा सुटत नव्हता. तोंडाने एकच चाललं होतं, "आई गं. आई. मला पोहता येत नाही गं आई."

मंडळी, अर्धं आयुष्य जहाजावर काढलेल्या या माणसाला पोहता येत नाही! पाण्याची इतकी भीती, की खोलीसुद्धा खिडकीशिवायची मागून घेतलेली. हे मामींनाही माहीत नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतंय. मामी, माफ करा. घरी गेल्यावर विचारा.

पंच त्यांच्याजवळ गेले. म्हणाले, "मामा, काही झालेलं नाही. जहाज ठीक आहे."

"तुम्हाला काय माहीत!" मामा ओरडले.

आता पंचांना माहीत होतं. सबंध डेकवर त्या क्षणी जहाज बुडत नाहीये हे खात्रीने माहीत असलेली दोनच माणसं होती, एक पंच आणि दुसरा मी. पण भीतीने दात वाजत असलेल्या माणसाला पटवायचं कसं? पंचांनी स्वतःचं जॅकेट उतरवलं आणि मामांच्या अंगात चढवलं. पट्टे बांधले. मामांच्या पोटावर ते पुरेनात, म्हणून माझ्या जॅकेटची नाडी काढून जोडली. मामा म्हणाले, "आणि तुम्ही?" पंच म्हणाले, "मी असाच बरा आहे."

हे मी फार हृद्य करून सांगत नाही. बुडतच नसलेल्या जहाजावर आपलं जॅकेट देणं यात शौर्य कसलं? उकाड्यात स्वेटर दान केल्यासारखंच ते. पण मामांना ते माहीत नव्हतं. मामांनी पंचांचा हात धरला. घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत. ज्या हाताची नक्कल करून त्यांनी थोड्याच वेळापूर्वी ढोल वाजवून घेतला होता, तोच हात. आणि कप्तानसाहेबांचा आवाज ध्वनिक्षेपकावर येऊन 'घाबरू नका, गैरसमज झाला आहे' म्हणेपर्यंत तो सोडला नाही. मी बाजूला उभा होतो. मला हसू येत होतं, आणि रडूही येत होतं, आणि थोडी असूयासुद्धा वाटत होती. माझा हात सोडून हा माणूस याचा धरून उभा!

गैरसमज मिटला, पण प्रकरण मिटलं नव्हतं. जहाजाचा नियम साफ होता. खोटा इशारा देणाऱ्या प्रवाशाला पुढच्या बंदरावर उतरवायचं आणि त्याच्या गावी तसं कळवायचं. कळवायचं म्हणजे कारणासकट. तुम्हाला ती शिक्षा किरकोळ वाटेल. आमच्यासाठी नव्हती. फुटबॉल मंडळाला कळलं असतं की शिट्टी का वाजवली, कुणाबरोबर बसून वाजवली. पंचांची शिट्टी कायमची गेली असती. मैदानावर उभं राहण्याशिवाय त्या माणसाला दुसरं काही आवडत नाही. मीसुद्धा दुसऱ्या नंबरावर आहे, आणि मला ते मान्य आहे.

सकाळी कप्तानसाहेबांच्या खोलीत आम्हा तिघांना बोलावणं आलं. आमच्या बॅगा भरलेल्या. टेबलाच्या पलीकडे कप्तानसाहेब, आज दिसतायत त्याच्या निम्म्यानेही प्रसन्न नव्हते.

"शिट्टी कुणी वाजवली?"

"मी," पंच म्हणाले.

"का?"

"फाउल होता."

"कसला फाउल?"

पंचांचा हात कार्डाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. एवढ्या वर्षांत मी या माणसाला निर्णय देताना अडखळलेलं पाहिलं नव्हतं. कारण सांगावं तर सगळं सांगावं लागणार होतं, त्या खोलीत, कोपऱ्यात बसून सगळं वहीत टिपून घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर. मी म्हणणार होतो, 'मी सांगतो'. पण माझीही जीभ टाळूला चिकटली. दुसऱ्यांच्या जिभा हाताळणारा मी!

तेवढ्यात मामा बोलले. "साहेब, शिट्टी मीच वाजवायला सांगितली होती. कार्यक्रमाचा भाग होता."

कप्तानसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. कसं ते खलाशांना विचारा. "असं? मग पुढे काय होणार होतं कार्यक्रमात?"

मामा म्हणाले, "मला मैदानाबाहेर काढणार होते."

मग कप्तानसाहेबांनी हात पुढे केला. पंचांनी गळ्यातून शिट्टी काढून दिली. खण उघडला, शिट्टी आत, खण बंद. "माझ्या जहाजावर शिट्टी वाजवायचा अधिकार कुणालाच नाही. प्रवाशांना जाऊ द्या." आणि मामांना म्हणाले, "कवायत यापुढे तुम्ही घ्यायची नाही. आणि या सफरीत कार्यक्रमही नाही." साहेब, तुम्हाला ती थाप कळली नव्हती, असं मला आजही वाटत नाही. तुम्ही कबूल करू नका, इथे कंपनीची माणसं बसली आहेत.

बाहेर आलो. गालिचा घातलेली ती लांब मार्गिका, दोन्ही बाजूंना बंद दारं. पंचांनी विचारलं, "मामा, खोटं का बोललात? तुमचा कार्यक्रम गेला."

मामा भिंतीला टेकले. म्हणाले, "काल मी रडत होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना, काही झालेलं नाही ते?"

"होतं."

"मी 'आई, आई' करत होतो. हा एवढा माणूस, हा एवढा कोट. तुम्हाला हसता आलं असतं. रात्रीच्या जेवणाला नुसतं एका टेबलावर सांगितलं असतं, तर सकाळपर्यंत अख्खं जहाज माझ्यावर हसलं असतं. मी सांगितलं असतं. देवाशप्पथ सांगतो, तुमच्या जागी मी असतो तर नक्की सांगितलं असतं. एवढा मोठा विनोद गिळणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही."

आता इथे न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मी तो विनोद गिळणार नव्हतो. जेवणाच्या टेबलावर माझी सगळी तयारी झाली होती. 'आई गं'चा आवाजसुद्धा ठरवून ठेवला होता. काकू समोर, सूप समोर, मी तोंड उघडलं, आणि टेबलाखालून नडगीवर पंचांची लाथ बसली. फुटबॉलवाल्याची लाथ. खोलीत आल्यावर मी भांडलो, "त्याने आपल्यावर अख्खं नाट्यगृह हसवलं, आणि तू मला एक टेबल हसवू देत नाहीस?" पंच म्हणाले, "पंच खेळाडूची टर उडवत नाही. कार्ड दाखवलं, विषय संपला."

तर मामा त्या मार्गिकेत भिंतीला टेकून उभे. "मला माफ करा" हे त्यांना काही म्हणता येईना. विनोदी माणसाला ते वाक्य फार जड जातं, शेवटी टाळी नसते ना. त्यांनी नुसतं पंचांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाले, "काल तुमचा हात मी सोडवला." एवढंच. पंचांनी मामांच्या समोर माझा हात धरला. मामा म्हणाले, "हां," आणि निघून गेले.

काकूंचंही सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तसं काही मनात नव्हतं हो, सगळे हसले म्हणून हसले." मी म्हटलं, "माहीत आहे काकू." मग म्हणाल्या, "पण मग चेहऱ्यातलं साम्य?" काकूंचा तो प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही.

मामा त्या दिवसापासून संत झाले असं कुणी समजू नका. पुढच्या सफरीला आम्ही गेलो तेव्हा टकल्यांचा विनोद होताच, सासूबाई होत्याच. शिट्टी खणात, पण पंचांचा खिसा होता. एखादा विनोद घसरायला लागला की दुसऱ्या रांगेतून पिवळं कार्ड वर यायचं आणि मामा मध्येच वाक्य सोडायचे. ड्रमवादकांचा घोटाळा व्हायचा, 'धडाम' वाजायचं आणि 'छन्न' राहून जायचं. पुढे पुढे मामा घरी यायला लागले. आमच्या स्वयंपाकघरात उभे राहून नवे विनोद म्हणून दाखवायचे. त्यांतले निम्मे आमच्यावर असत. आमच्या शेगडीच्या भांडणावर त्यांनी जो विनोद रचला, तो ऐकून मी खुर्चीवरून पडलो आहे.

कारण मित्रहो, आमच्यावर विनोद करू नका असं आम्ही कधीच म्हटलं नाही. करा की! आम्ही विनोदाच्या लायकीचेच आहोत, आमच्या घरी येऊन बघा. फक्त आम्हाला बाहेर काढून दार लावून घेऊन आत हसू नका. आम्हीही तिकीट काढून बसलेलो असतो.

आता परवानगीचं. गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. "डॉक्टर, निरोपाला तुम्ही बोलायचं. आणि ती होडीमागची गोष्ट सांगायची."

मी म्हटलं, "मामा, वेड लागलं का? 'आई गं'सकट?"

"सकट. आवाज काढून. तुम्ही म्हणे तयारी केली होती, पंच सांगत होते."

"पण का?"

"माझ्या जागी आता नवीन बाई येणार आहेत. हुशार आहेत, लोकांना हसवतील. त्यांना कळू दे, की समोर बसलेल्या माणसाकडे आपल्यापेक्षा मोठा विनोद असतो, आणि तो कधी कधी आपल्यावर दया करून गप्प बसलेला असतो. आणि हे बघा, पंचांनी माझ्यासाठी गिळला तो विनोद. किती दिवस पोटात ठेवतील? जाता जाता मोकळा करतो त्यांना."

आणि मग निमंत्रण आलं. छापील, सगळ्यांना आलं तसंच. त्यावर 'सहकुटुंब यावे' असं छापलेलं असतं, आपण कधी वाचतही नाही. आमच्या निमंत्रणावर त्या शब्दाखाली मामांनी पेनाने जाड रेघ मारली होती. पंच ते बराच वेळ हातात घेऊन बसले होते. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही. लेस अडकली." पायात चपला होत्या.

तेव्हा आज आम्ही सहकुटुंब आलो आहोत. पंचांच्या मंडळाचे चिटणीसही आम्हा दोघांच्या विनंतीवरून आले आहेत, पाचव्या रांगेत; आता लपवायचं नाही, हा पंचांचाच निर्णय. चिटणीस, मी भाडेकरू नाही. अर्धं घर माझं आहे. आणि शेगडी तर पूर्ण माझी.

सूत्रसंचालक घड्याळाकडे बघायला लागले आहेत, तेव्हा आवरतो. मला बोलू दिल्याबद्दल मंडळाचे, इतका वेळ हसू दाबून बसल्याबद्दल अध्यक्षांचे, आणि आज रात्री घरी जाब विचारताना थोडी दया दाखवतील या आशेने मामींचे मी आधीच आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाच्या पोटाला, टकलाला किंवा सासूला लागलं असेल, तर उदार मनाने पोटात घाला. नाही घालता आलं, तर तिसऱ्या रांगेत तक्रार करा, तिथे पिवळं कार्ड आहे.

कप्तानसाहेब, मी वेळेत आहे. काढा ती शिट्टी. हां, द्या. तिसऱ्या रांगेपर्यंत हातोहात जाऊ द्या. सामना संपला की पंच तीनदा शिट्टी वाजवतात, तशी आज मामांसाठी वाजणार आहे.

आणि मामा, शिट्टी वाजली की घाबरू नका. उठून सुटू नका. खाली जमीन आहे. तरीही भीती वाटलीच, तर तिसऱ्या रांगेत या. पंचांचा एक हात माझ्याकडे असतो. दुसरा मोकळा आहे.